प्रकाशतंतू आणि बहुपदरी ध्वनिमुद्रण : नांदेड-लातूरच्या लोकवाणीच्या जतनाचे एक साधन

नांदेड आणि लातूर हे मराठवाड्याचे दोन जिल्हे म्हणजे अनेक भाषांच्या व अनेक गानपरंपरांच्या संगमाची भूमी होय. माहूरगडावर रेणुकेच्या ठाण्यापुढे गोंधळ्यांचा संबळ घुमतो. लोहा तालुक्यातील माळेगावच्या यात्रेत खंडोबाच्या वाघ्या-मुरळींची गाणी ऐकू येतात. औसा येथील नाथ संस्थानाच्या चक्री भजनात गायक हाती दिमडी घेऊन फेर धरतात. किनवटच्या डोंगराळ भागात गोंड, कोलाम व आंध समाजांची नृत्यगीते, तांड्यांवर होळीच्या सुमारास रंगणारी बंजारा लेंगी, नांदेडच्या सचखंड श्री हुजूर साहिब गुरुद्वारातील शबद-कीर्तन, घरोघरच्या जात्यावरच्या ओव्या, असा हा विस्तार आहे. देगलूर, बिलोली, उदगीर, निलंगा या सीमेलगतच्या तालुक्यांत मराठीला तेलुगू, कन्नड व दखनी उर्दूचा शेजार लाभला असून त्याची छटा गाण्यांच्या शब्दांत आणि उच्चारांतही उतरली आहे.

या ठेव्याचा फार मोठा भाग कागदावर उतरलेला नाही. तो माणसांच्या कंठात आहे आणि कंठाबरोबरच तो लोपतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात झालेल्या भूकंपाने लातूर व तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांतील हजारो माणसांचा बळी घेतला. अनेक गावे नव्या जागी वसविण्यात आली. घरे पुन्हा बांधता आली, रस्ते आखता आले. परंतु जी माणसे गेली त्यांच्या तोंडची न नोंदलेली गाणी परत आणणे कोणत्याही योजनेच्या आवाक्यातले नव्हते. एरव्हीही हा ऱ्हास चालूच असतो. पिठाची गिरणी आली आणि जाते थांबले. जाते थांबताच ओवी म्हणण्याचा प्रसंगच उरला नाही.

या जाणिवेतून झालेल्या कामाचे एक ठळक उदाहरण महाराष्ट्रातच आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी पुण्याहून चालविलेल्या प्रकल्पात गावोगावच्या स्त्रियांकडून एक लाखाहून अधिक ओव्या संकलित झाल्या. मराठवाड्यातील बीड जिल्ह्याच्या माजलगाव येथील ओव्याही त्यात आहेत. बर्नार्ड बेल यांच्या साहाय्याने त्यांपैकी अनेकींचे ध्वनिमुद्रणही झाले, आणि २०१७ पासून हा संग्रह ‘पारी’ या ग्रामीण भारतविषयक संकेतस्थळावर क्रमाक्रमाने प्रसिद्ध होऊ लागला. लिहून घेतलेल्या ओवीत शब्द मिळतात. तिची चाल, तिचा श्वास आणि तिच्यातील ठहराव मात्र ध्वनिमुद्रणातच मिळतो, हे या संग्रहाने दाखवून दिले.

नोंद पुरेशी का ठरत नाही?

आज जवळजवळ प्रत्येकाच्या हाती मोबाइल आहे आणि गावातील भजन, गोंधळ किंवा भारूड सहज टिपले जाते. नोंद होत नाही, अशी आता स्थिती नाही. अडचण निराळी आहे. एकाच माईकने घेतलेल्या नोंदीत सर्व ध्वनी एकत्र कालवलेले असतात. संबळाची थाप मोठी पडली की मुख्य गोंधळ्याचे शब्द त्याखाली बुडतात. वीस टाळांच्या गजरात वृद्ध गायकाचा क्षीण आवाज हरवतो. दुधात मिसळलेले पाणी जसे पुन्हा वेगळे काढता येत नाही, तसेच हे आहे. संगणकाच्या साह्याने आवाज वेगळे करण्याचे प्रयत्न होत असले तरी मूळ शब्दाची खात्री त्यातून मिळतेच असे नाही.

यावरचा उपाय म्हणजे बहुपदरी ध्वनिमुद्रण, ज्याला मल्टिट्रॅक रेकॉर्डिंग म्हणतात. प्रत्येक गायकासाठी व प्रत्येक वाद्यासाठी स्वतंत्र माईक ठेवावयाचा आणि प्रत्येक माईकचा ध्वनी स्वतंत्र पदरात, म्हणजे ट्रॅकमध्ये, नोंदवावयाचा. जवळच्या वाद्याचा थोडा आवाज शेजारच्या माईकमध्ये शिरतोच. तरीही प्रत्येक पदरात एक ध्वनी प्रमुख राहतो. पुढे अभ्यासकाला केवळ शब्द ऐकावयाचे असल्यास संबळाचा पदर कमी करता येतो. वादन शिकणाऱ्या विद्यार्थ्याला केवळ पखवाज ऐकता येतो. आकाशवाणीसाठी सर्व पदर योग्य प्रमाणात पुन्हा जुळविता येतात. ओवीच्या बाबतीतही गळ्यासाठी एक आणि जात्याच्या घरघरीसाठी एक असे दोन पदर ठेवले तर दोन्हींचे मोल राखले जाते.

ध्वनीचे अंकांत रूपांतर

माईकमधून निघणारा विद्युतप्रवाह अतिशय क्षीण असतो. प्रीअँप्लिफायर या उपकरणात तो वाढविला जातो आणि नंतर त्याचे अंकांत, म्हणजे डिजिटल स्वरूपात, रूपांतर होते. हे रूपांतर म्हणजे ठरावीक अंतराने घेतलेली मोजणी होय. ४८ किलोहर्ट्झ या प्रचलित गतीने एका सेकंदात ४८,००० वेळा ध्वनीची पातळी मोजली जाते. प्रत्येक मोजणी २४ बिटांत नोंदविली तर पातळीचे १ कोटी ६७ लाखांहून अधिक टप्पे उपलब्ध होतात. म्हणूनच हलगीचा कडकडाट आणि आजीबाईंची पुटपुट या दोन्ही टोकांना एकाच नोंदीत न्याय देता येतो.

संगणकाला जोडावयाच्या बऱ्याच मध्यम आकाराच्या ध्वनिमुद्रण उपकरणांत, म्हणजे ऑडिओ इंटरफेसमध्ये, माईकसाठी आठ जागा असतात. भजनी मंडळात मात्र आठांवर भागत नाही. अशा वेळी दुसरे आठ माईकांचे उपकरण पहिल्याला जोडून सोळा पदर मिळवावे लागतात. येथे प्रकाशतंतूच्या केबलचे काम सुरू होते.

एका तंतूत आठ पदर

१९९१ मध्ये अमेरिकेतील अलेसिस या कंपनीने ‘एडॅट’ नावाचे यंत्र जाहीर केले आणि पुढील वर्षी ते बाजारात आले. एस-व्हीएचएस प्रकारच्या व्हिडिओ कॅसेटवर ते आठ पदरांचे डिजिटल ध्वनिमुद्रण करीत असे. एका यंत्रातील आठही पदर दुसऱ्या यंत्राकडे पाठविण्यासाठी आठ वेगळ्या तारांऐवजी एकच प्रकाशतंतू वापरण्याची सोय त्यात होती. कॅसेटवर चालणारी ती यंत्रे पुढे कालबाह्य झाली. परंतु जोडणीची ती पद्धत उपयुक्त ठरल्यामुळे टिकून राहिली. आजही अनेक कंपन्यांच्या उपकरणांवर ‘एडॅट’ किंवा ‘ऑप्टिकल’ असे लिहिलेली जागा आढळते ती याच पद्धतीची होय.

या केबलची चौकोनी टोके तोशिबा या जपानी कंपनीने १९८३ मध्ये आणलेल्या ‘टॉसलिंक’ जोडणीची आहेत. आतमध्ये सुमारे एक मिलिमीटर जाडीचा प्लॅस्टिकचा पारदर्शक तंतू असतो. एका टोकाला लाल प्रकाशाचा छोटा दिवा अतिशय वेगाने उघडझाप करतो आणि दुसऱ्या टोकाचा प्रकाशग्राहक ती उघडझाप वाचतो. दर मोजणीमागे २५६ बिट पाठविले जातात. त्यांपैकी १९२ बिट आठ पदरांच्या ध्वनीचे असतात आणि उरलेले क्रम व वेळ जुळविण्यासारख्या कामांसाठी असतात. म्हणजे एका सेकंदात १ कोटी २२ लाख ८८ हजार बिट या बारीक तंतूतून धावतात. मोजणीची गती ९६ किलोहर्ट्झ केल्यास त्याच तंतूतून आठऐवजी चारच पदर जातात. भाषण, भजन व लोकगीते यांसाठी ४८ किलोहर्ट्झ पुरेशी आहे.

प्रकाश तंतूबाहेर न पडता वळणावळणाने पुढे कसा जातो, याचे उत्तर पूर्ण आंतरिक परावर्तनात आहे. तंतूचा गाभा आणि त्याभोवतीचे आवरण यांच्या सीमेवर तिरपा पडलेला किरण पुन्हा गाभ्यातच परततो. या विषयाच्या इतिहासात पंजाबातील मोगा येथे जन्मलेले नरिंदरसिंग कपानी यांचे नाव आदराने घेतले जाते. लंडन येथे हॅरॉल्ड हॉपकिन्स यांच्यासमवेत त्यांनी तंतूंच्या जुडग्यातून प्रतिमा नेण्याचे संशोधन १९५४ मध्ये प्रसिद्ध केले. २०२१ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झाले.

ग्रामपंचायतींना प्रकाशतंतू नवा नाही. २०११ मध्ये मंजूर झालेल्या व पुढे ‘भारतनेट’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या योजनेत ग्रामपंचायती प्रकाशतंतूच्या जाळ्याने जोडण्याचे काम हाती घेण्यात आले. तत्त्व एकच असले तरी दोन्ही तंतू एकमेकांच्या जागी चालत नाहीत. भारतनेटचा तंतू काचेचा, केसासारखा बारीक असून त्यातील प्रकाश डोळ्यांना दिसत नाही आणि तो कित्येक किलोमीटर जातो. ध्वनिमुद्रणाचा तंतू प्लॅस्टिकचा, त्यातील प्रकाश लाल व दिसणारा, आणि त्याची मजल काही मीटरचीच असते.

तांब्याऐवजी प्रकाश कशासाठी?

तांब्याच्या तारेने जोडलेली दोन उपकरणे वेगवेगळ्या ठिकाणांहून वीज घेत असतील आणि दोन्हीकडील अर्थिंगच्या पातळीत फरक असेल, तर त्या तारेच्या आवरणातून नको असलेला प्रवाह वाहू लागतो. त्यातून ५० हर्ट्झची घुमणारी गुणगुण नोंदीत उतरते. मंडपात एका खांबावरून दिव्यांची, दुसऱ्यावरून लाउडस्पीकरची आणि देवळाच्या ओसरीतून ध्वनिमुद्रणाची वीज घेतलेली असते, तेथे हा दोष वारंवार जाणवतो. प्रकाशतंतूतून वीज वाहतच नाही. त्यामुळे त्या दोन उपकरणांमधील गुणगुणीचा हा मार्ग आपोआप बंद होतो.

परंतु या गुणाची मर्यादाही लक्षात घ्यावयास हवी. माईकपासून प्रीअँप्लिफायरपर्यंतची तार तांब्याचीच असते. तेथे शिरलेली गुणगुण प्रकाशतंतू काढून टाकू शकत नाही. ती प्रामाणिकपणे पुढे पाठवितो एवढेच. म्हणून माईकच्या तारा चांगल्या प्रतीच्या व तीन पिनांच्या संतुलित प्रकारच्या असाव्यात. त्या विजेच्या तारांपासून दूर ठेवाव्यात, आणि ओलांडणे अपरिहार्य असेल तेथे काटकोनात ओलांडाव्यात.

जोडणीची पद्धत

सोळा पदरांच्या भजनाचे उदाहरण घेतल्यास मांडणी स्पष्ट होईल. पहिल्या उपकरणावर मुख्य गायक, सहा साथीदार आणि वीणा अशा आठ जागा ठेवाव्यात. दुसऱ्यावर पखवाजाच्या दोन्ही पुड्यांसाठी दोन, हार्मोनियम, टाळ आणि दिमडी यांसाठी एकेक, श्रोत्यांच्या व परिसराच्या ध्वनीसाठी दोन आणि निवेदकासाठी एक अशा आठ जागा होतात. दुसरे उपकरण पहिल्याला प्रकाशतंतूने आणि पहिले उपकरण यूएसबी केबलने संगणकाला जोडावयाचे असते.

१. सर्व उपकरणे बंद ठेवून केबलच्या टोकांवरील टोपणे काढावीत. टोपणासह केबल बसत नाही. नवख्या हातांकडून हीच चूक प्रथम होते.

२. दुसऱ्या उपकरणाच्या ‘आउट’ जागेतून केबल पहिल्याच्या ‘इन’ जागेत न्यावी. प्रकाश एका केबलमधून एकाच दिशेने जातो. टोकाचा आकार पाहून ते सरळ बसवावे. नीट बसल्याची हलकीशी ‘टक’ जाणवते.

३. उपकरणे सुरू केल्यावर ‘आउट’ जागेत लाल प्रकाश दिसतो. केबलचे दुसरे टोक तळहातावर धरून प्रकाश पोहोचतो की नाही हे पाहावे. डोळ्यांसमोर धरू नये.

४. उपकरणाच्या मांडणीत ऑप्टिकल जागेसाठी ‘एडॅट’ हा पर्याय निवडावा. त्याच जागेतून आणि त्याच केबलमधून ‘एसपीडीआयएफ’ ही दोन पदरांची निराळी पद्धतही चालते. वाट एकच असली तरी दोघांची भाषा भिन्न आहे.

५. दोन्ही उपकरणांवर मोजणीची गती ४८ किलोहर्ट्झ ठेवावी आणि घड्याळाचा निर्णय घ्यावा. त्याचा विचार पुढे केला आहे.

६. प्रत्येक माईकजवळ जाऊन त्याचा क्रमांक उच्चारावा आणि तो योग्य पदरात येतो की नाही हे तपासावे.

घड्याळ एकाचेच

दिंडीत शंभर टाळकरी असले तरी ठेका मृदंगाचा असतो. प्रत्येकाने आपापली लय धरली तर भजन मोडते. डिजिटल उपकरणांचेही असेच आहे. सेकंदाला ४८,००० मोजण्या करणारे घड्याळ प्रत्येक उपकरणात असते. परंतु कोणतीही दोन घड्याळे तंतोतंत सारखी चालत नाहीत. एकाने ४८,००० मोजण्या केल्या आणि दुसऱ्याने ४८,००१, तर एका मोजणीला जागाच उरत नाही आणि नोंदीत ‘टिक’ असा आवाज उमटतो. तो पुन्हा पुन्हा येत राहतो आणि नंतर काढणे अवघड असते.

म्हणून एका उपकरणाला प्रमुख नेमून इतरांनी त्याचे घड्याळ पाळावयाचे असते. वरील मांडणीत सर्वांत सोपा मार्ग असा की, दुसऱ्या उपकरणाला स्वतःच्या अंतर्गत घड्याळावर चालू द्यावे आणि पहिल्या उपकरणाचे घड्याळ ‘ऑप्टिकल’ किंवा ‘एडॅट’ या बाह्य स्रोतावर ठेवावे. प्रकाशतंतूतून ध्वनीबरोबर वेळही येत असल्यामुळे वेगळ्या तारेची आवश्यकता राहत नाही. पहिल्याला प्रमुख करावयाचे असल्यास त्याच्याकडून दुसऱ्याकडे जाणारी आणखी एक ऑप्टिकल केबल, अथवा ‘वर्ड क्लॉक’ नावाची स्वतंत्र तार लागते. दोघांनाही प्रमुख करणे किंवा दोघांनाही अनुयायी करणे, हे दोन्ही प्रकार टाळावयाचे असतात.

दोषांची लक्षणे व निदान

प्रकाश पोहोचतो परंतु ध्वनी येत नाही, तेव्हा पर्याय ‘एडॅट’ऐवजी ‘एसपीडीआयएफ’वर राहिला असण्याचा संभव असतो. अधूनमधून टिकटिक येत असेल तर घड्याळ तपासावे. संपूर्ण आवाज तुटक येत असेल तर केबलचे टोक सैल, धुळीने माखलेले किंवा तंतू मुडपलेला असू शकतो. चार पदर येतात व चार येत नाहीत, तेव्हा गती ९६ किलोहर्ट्झवर गेलेली असते.

स्वर चढलेला वाटणे हे आणखी एक लक्षण होय. ४४.१ किलोहर्ट्झने केलेली नोंद ४८ च्या गतीने वाजविली गेली तर पांढरी एकचा षड्ज काळी एकच्याही पुढे सरकतो आणि लयही वाढते. गायकाची मूळ पट्टी कोणती, हा अभ्यासाचा विषय असल्याने ही चूक किरकोळ समजता येत नाही. यासाठी प्रत्येक नोंदीच्या आरंभी ठाऊक स्वराची तानपुरापेटी किंवा हार्मोनियमचा एक स्वर काही क्षण नोंदवून ठेवणे हिताचे ठरते.

केबलची निगा

प्लॅस्टिकचा तंतू तांब्यासारखा कसाही वळत नाही. दोरीप्रमाणे गाठ मारणे, खुर्चीच्या पायाखाली येऊ देणे किंवा घट्ट गुंडाळणे यांमुळे तो आतून तडकतो आणि बाहेरून दोष दिसत नाही. मोठ्या वेटोळ्यात ठेवावा. वापर नसताना टोपणे लावावीत. लांबी शक्यतो पाच मीटरच्या आत ठेवावी. उत्तम केबल असल्यास दहा मीटरपर्यंत काम भागते. त्यामुळे दोन्ही उपकरणे एकाच मेजावर ठेवून लांब पल्ला माईकच्या तारांना द्यावा. मोठ्या यात्रेचे मैदान किंवा विस्तीर्ण सभागृह असल्यास ‘माडी’ नावाची निराळी पद्धत आहे. तीत काचेच्या तंतूतून ६४ पदर दोन किलोमीटरपर्यंत नेता येतात. अर्थात तिचा खर्चही त्या प्रमाणात अधिक असतो.

मराठवाड्याच्या उन्हाळ्यात पारा चाळीस अंशांपलीकडे जातो. उपकरणे सावलीत व हवेशीर जागी असावीत. वीज खंडित होण्याची शक्यता धरून दोन्ही उपकरणे व संगणक यूपीएसवर ठेवावेत. दोहोंपैकी एक बंद पडले तरी नोंद तुटते. ध्वनीची पातळी ठरविताना सर्वांत मोठ्या आवाजालाही पूर्ण पातळीच्या सुमारे १२ डेसिबल खाली ठेवावे. सराव मंद होतो व रंगात आल्यावर आवाज चढतो, हा सर्वत्र येणारा अनुभव आहे, आणि मर्यादेबाहेर गेलेला डिजिटल ध्वनी दुरुस्त होत नाही.

नोंद, संमती आणि जतन

सोळा पदरांच्या एका तासाच्या नोंदीला सुमारे ८.३ गिगाबाइट जागा लागते. मूळ नोंद वेव्ह स्वरूपातच ठेवावी. आकार लहान करणारे एमपी३ स्वरूप केवळ ऐकण्याच्या प्रतीसाठी वापरावे. तीन प्रती कराव्यात आणि त्यांपैकी एक दुसऱ्या गावी ठेवावी. प्रत्येक नोंदीसोबत गायक-वादकांची नावे, गाव, तालुका, दिनांक, प्रसंग, भाषा व बोली, आणि कोणत्या पदरात कोण, याचा तपशील लिहावा. तपशिलाविना ठेवलेली नोंद काही वर्षांनी निनावी होते.

कलावंतांची संमती हा सौजन्याइतकाच कायद्याचाही विषय आहे. प्रताधिकार अधिनियम, १९५७ मध्ये १९९४ च्या सुधारणेने कलावंताच्या सादरीकरणावरील हक्काला विस्तृत स्थान मिळाले आणि १९९९ मध्ये त्याची मुदत ५० वर्षे झाली. नोंद कशासाठी आहे, ती कोठे ठेवली जाईल व कोणास ऐकविली जाईल, हे कलावंतास त्याच्या भाषेत समजावून लेखी संमती घ्यावी आणि एक प्रत त्याला द्यावी. काही गाणी विशिष्ट विधीच्या वेळीच म्हटली जातात. ती नोंदवू नयेत अशी मंडळींची इच्छा असल्यास तिचा मान राखावा.

गावपातळीवरील वाटा

हे काम एकट्या ग्रामपंचायतीने किंवा एकट्या शाळेने पेलण्याजोगे नसले तरी वाटून घेतल्यास अवघड नाही. कोणत्या वस्तीत कोण गातो, कोणाचे वय किती, कोणते गाणे आता एकालाच येते, याची यादी शिक्षक व विद्यार्थी करू शकतात. त्यासाठी वहीखेरीज काही लागत नाही. जागा, वीज आणि शांतता यांची व्यवस्था ग्रामपंचायत करू शकते. १९९४ मध्ये स्थापन झालेल्या नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात नांदेड, लातूर, परभणी व हिंगोली हे जिल्हे येतात. लगतच्या महाविद्यालयांतील भाषा, संगीत आणि माध्यम विषयांच्या विभागांशी संपर्क साधल्यास उपकरणे व जाणकार यांचा मार्ग निघू शकतो.

यादीचा क्रम ठरविताना एक पथ्य पाळावे. प्रसिद्ध मंडळांच्या नोंदी पुष्कळ होतात. ज्यांना व्यासपीठ मिळालेले नाही आणि ज्यांचे वय झालेले आहे, त्यांचे घर प्रथम गाठावे. तेथे सोळा माईकांचीही गरज पडणार नाही. बहुधा दोनच पुरतील. प्रकाशतंतू आठ पदर वाहून नेतो की सोळा, हा तंत्राचा प्रश्न आहे. त्यातून वाहणारा आवाज वेळेवर माईकपुढे येतो की नाही, हे मात्र गावानेच ठरवावयाचे आहे.